पीकी ब्लाइंडर्स, सीझन ६ : पहिले दोन भाग बघून (स्पॉयलर आहेत, जपून)

निळी शाई

बर्मिंगहॅमच्या एका गुंड टोळीवरच्या या मालिकेचे सहाच्या सहा भाग शुक्रवारी, १० जून २०२२ ला, नेटफ्लिक्सवर एकदम आले. मी दोनच पाहिले आणि टीव्ही बंद केला. शेवटचा सीझन आहे, एका दमात संपवला तर पुढे काय करायचं? तोवर जे डोक्यात घोळतंय ते इथे मांडतो. पाचवा सीझन ज्यांचा राहिलाय त्यांनी इथूनच मागे फिरावं. नंतर मला बोल लावू नये.

पाचव्याचा शेवट आठवत असेल. धुक्यातलं शेत, कानशिलाला पिस्तूल लावून उभा असलेला टोळीचा म्होरक्या टॉमी शेल्बी, किंकाळी, आणि पडदा काळा. हे २०१९ च्या सप्टेंबरमध्ये. म्हणजे जवळजवळ पावणेतीन वर्षं तो बिचारा तिथेच ताटकळत होता. आता कळतं की पिस्तुलात गोळ्याच नव्हत्या. एवढा फुगवलेला फुगा, आणि फुस्स. पहिल्या पाच मिनिटांत मी खरंच वैतागलो होतो.

पण लगेच फोन वाजतो. पलीकडे आयआरए या आयरिश सशस्त्र संघटनेची ती बाई, कॅप्टन स्विंग. फॅसिस्ट पुढारी मोस्लीला मारायचा तुझा बेत आम्ही हाणून पाडला म्हणते, आणि मग तीन प्रेतं घरी पोचती होतात. एक बार्नी, एक अबेरामा गोल्ड, दोघे टॉमीचे साथीदार. तिसरं टॉमीच्या आत्याचं, पॉलीचं. तू ज्या कुबडीवर टेकत होतास ती आम्ही काढून घेतली, अशा अर्थाचं काहीतरी ती बाई अगदी हिशेब सांगावा तशा आवाजात सांगते. माझा वैताग तिथे विरला.

पॉलीचं काम करणारी हेलन मॅक्रॉरी १६ एप्रिल २०२१ ला गेली, अवघ्या ५२ व्या वर्षी. त्या वर्षीच्या जानेवारीत शूटिंग सुरू झालं होतं, त्याआधी जवळपास वर्षभर कोविडमुळे रखडलेलं. ती या सीझनमध्ये काम करूच शकली नाही. आता हातातली संहिता घेऊन लेखकानं काय करायचं? सोपी वाट होती: पॉलीला कुठेतरी परदेशी धाडायचं, अधूनमधून तिचं पत्र आणायचं. किंवा तिच्यासारखी दुसरी एक जरबेची बाई आणून त्या खुर्चीत बसवायची. स्टीव्हन नाइटनं यातलं काही केलेलं नाही. खुर्ची रिकामी ठेवली आणि सगळ्यांना तिच्याभोवती वावरायला लावलं. मला दोन भागांत जे काही आवडलं ते या एका गोष्टीपाशी येऊन थांबतं.

दुसरी रिकामी जागा मिकेलॉन बेटावर दिसते. पडद्यावर चार वर्षं उलटतात, तारीख येते ५ डिसेंबर १९३३. बर्फ, करडा समुद्र, एक हॉटेल. टॉमी आत येतो, बसतो आणि पाणी पितो. पाणी! पाच सीझन व्हिस्कीचा ग्लास हे या माणसाच्या हाताचं सहावं बोट होतं. आजूबाजूला बसलेल्यांचं पोट दारूच्या चोरट्या धंद्यावर आणि त्याच दिवशी अमेरिकेतली दारूबंदी उठलेली, म्हणजे उद्यापासून यांच्या हाताला काम नाही. त्यांच्यासमोर हा टोपीवाला परका पाण्याचा ग्लास घेऊन बसलेला. त्याची खोडी काढली जाणार हे उघडच होतं. मग हाणामारी. आणि ती उरकल्यावर साहेब सांगणार की दारू सोडल्यापासून मी फार शांत झालोय. मी मोठ्यानं हसलो.

खटकलेलंही सांगतो. टॉमीचा भाऊ आर्थरचं तेच ते: अफू, रडणं, कोसळणं, पुन्हा उठणं. पॉल अँडरसन जीव तोडून काम करतो, पण चार सीझन एकाच विहिरीत पोहरा टाकल्यावर पाणी गढूळच येणार. पॉलीचा मुलगा मायकेल मला कधीच पटला नाही, आताही नाही. आणि अन्या टेलर-जॉयला एवढे बोलके डोळे असून संवाद मात्र एवढेसे.

तुमचं काय मत? पुढच्या भागांतलं कुणी फोडू नका, विनंती.

ढ विद्यार्थी

मी पयला! आता वाचून येतो.

पानगळ

निळी शाई, लिहिलंय छान, पण मी साफ असहमत.

मी सगळे भाग संपवले (काही फोडत नाही, घाबरू नका). तुम्हाला जी 'रिकामी जागा' वाटते तो मला निव्वळ वेळकाढूपणा वाटला. टॉमी चालतोय. टॉमी सिगरेट ओठावर फिरवतोय. टॉमी खिडकीबाहेर बघतोय. मागे गिटार. तासाभराच्या भागातून स्लो मोशन काढून टाकलं तर चाळीस मिनिटं उरतील. पहिल्या सीझनमध्ये एक घोडा, एक पबवाली, चोरलेल्या मशीनगनची एक पेटी, एवढ्या भांडवलावर सहा भाग पळत होते. प्रत्येक प्रसंगात कुणाला काहीतरी हवं असायचं. आता सगळे उभे राहून एकमेकांना भविष्यवाणी ऐकवतात. साधं 'जेवलास का' विचारायचं असेल तरी मृत्यू, सैतान आणि युद्ध यांचा उल्लेख झाल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही.

अँथनी बर्न दिग्दर्शक म्हणून देखणं काम करतो यात वाद नाही. एकेक चौकट भिंतीवर लावावी अशी. पण मला भिंत नकोय, गोष्ट हवीय.

पॉलीबद्दल मात्र एकमत. ती असती तर दुसऱ्याच मिनिटाला म्हणाली असती, "थॉमस, पुरे झालं नाटक."

उगाचच

पानगळ, शेवटच्या वाक्याला टाळ्या.

मला एक कळत नाही. टोपीच्या कडेला ब्लेड शिवायचं, ती टोपी काढून समोरच्याच्या तोंडावर फिरवायची, आणि मग तीच टोपी परत डोक्यावर. यांच्यापैकी एकाचंही कपाळ आजवर कापलं कसं नाही?

जुनी वही

उगाचच, कारण ब्लेड नव्हतंच. बर्मिंगहॅमचे खरे पीकी ब्लाइंडर्स १८९० च्या दशकातले. वापरून फेकायच्या पात्यांचा जिलेटचा वस्तरा अमेरिकेत विक्रीला आला १९०३ मध्ये, आणि सुरुवातीला तो चैनीचा माल होता. स्मॉल हीथमधल्या पोरांना परवडणारा नव्हे. या टोळ्यांवर आयुष्य घालवलेले इतिहासकार कार्ल चिन यांनी हे ब्लेडप्रकरण कधीच निकालात काढलंय. टोपीची पुढची चोच म्हणून पीकी. आणि ब्लाइंडर हा तिकडच्या बोलीत झकपक, नजरेत भरणाऱ्या माणसाला वापरायचा शब्द. म्हणजे साधारण 'टोपीवाले छैलछबिले'. पट्ट्याचं बक्कल आणि लोखंडी नाल मारलेले बूट ही त्यांची हत्यारं. पहिल्या महायुद्धाच्या आधीच ते मागे पडले होते, त्यामुळे १९१९ ला सुरू होणारी ही मालिका म्हणजे मेलेल्या टोळीला दिलेला पुनर्जन्म आहे.

पण मी लॉगिन केलं ते वेगळ्याच कारणासाठी. निळी शाई, तुम्ही त्या पाण्याच्या ग्लासाबद्दल लिहिलंत आणि मी ताडकन उठून बसलो. या टोळीचं नाव वर्तमानपत्रात पहिल्यांदा आलं ते मार्च १८९० मध्ये. बातमी काय होती? अ‍ॅडर्ली स्ट्रीटवरच्या रेनबो नावाच्या पबमध्ये एक माणूस आला आणि त्यानं बिनदारूचं आल्याचं पेय, जिंजर बिअर, मागवलं. टोळक्यानं त्याची कुरापत काढली, बाहेर गाठून बेदम मारला. कवटी फुटली, डोक्याला भोक पाडून शस्त्रक्रिया करावी लागली. मारणारे कोण, तर 'पीकी ब्लाइंडर्स' म्हणून ओळखले जाणारे लोक.

आता मिकेलॉनचा प्रसंग परत बघा. बारमध्ये बिनदारूचं पिणारा एकटा माणूस, भोवती दारूवाल्यांचं टोळकं, आणि कुरापत. सगळं जसंच्या तसं, फक्त यावेळी जिंजर बिअरवाल्याच्या जागी पीकी ब्लाइंडर्सचा म्होरक्या बसलाय. लेखकानं हे जाणूनबुजून केलं असेल किंवा नसेल. नाइट स्वतः बर्मिंगहॅममध्ये वाढलेला आहे, त्यामुळे ही बातमी त्याच्या कानावरून गेलीच नसेल असं मला तरी वाटत नाही.

निळी शाई

जुनी वही, काटा आला अंगावर. आता तो भाग आज परत बघणं आलं.

पानगळ, तुमची तक्रार निम्मी मान्य. भविष्यवाणीचा रोग खरा आहे. पण संथपणाबद्दल माझं जरा वेगळं म्हणणं आहे. आधीच्या सीझनमध्ये टॉमी एखादा बेत आखायचा आणि रात्री पॉली त्याला स्वयंपाकघरात गाठून त्यातली फट दाखवायची. आपल्याला बेत कळायचा तो त्या भांडणातून. आता भांडायला कुणी नाही, म्हणून तो गप्प. जिथे संवाद असायचा तिथे आता चालणं आणि सिगरेट आहे. तुम्ही म्हणाल, हा लेखकाच्या अडचणीला मी चढवलेला मुलामा आहे. असेल! पण मला बघताना तसं जाणवलं खरं.

पानगळ

मुलामाच आहे. पण चांगला चढवलाय.

वाटसरू०७

सबटायटल लावून बघता का सगळे? मी तीन सीझन न लावता पाहिले आणि आर्थर नेमका काय बोलतो ते मला अजून माहीत नाही. बर्मिंगहॅमकर असंच बोलतात का? आणि टॉमी झालेला किलियन मर्फी तर आयर्लंडमधल्या कॉर्कचा.

उगाचच

आर्थर काय बोलतो ते टॉमीलाही माहीत नाही. तो फक्त मान हलवतो.

खिडकीजवळची

धाग्यावर कुणीच पॉलीच्या अंत्यविधीबद्दल लिहिलं नाही, म्हणून मी लिहिते. माझ्यासाठी पहिल्या भागातलं सगळ्यात मोठं दृश्य ते आहे.

शेल्बींच्या रोमानी (जिप्सी) लोकांची रंगीत लाकडी घोडागाडी असते ना, गोल छपराची, तिला वार्डो म्हणतात. पॉलीला त्या वार्डोत ठेवतात आणि सगळी गाडी पेटवून देतात. हे मालिकेनं शोभेसाठी काढलेलं नाही. इंग्लंडमधल्या रोमानी कुटुंबांत विसाव्या शतकापर्यंत ही रीत होती: माणूस गेला की त्याची गाडी, कपडे, वापरातल्या वस्तू जाळून टाकायच्या. मागे काही ठेवायचं नाही, विकायचं तर नाहीच. वार्डो म्हणजे त्या कुटुंबाची सगळ्यात महागाची चीज, राहतं घर. तेच पेटवायचं म्हणजे किती मोठा निरोप, याचा विचार करा. गाडीच्या छपराची कमान आधी जाळात काळी उठून दिसते, मग तीही खचते. आणि त्या जाळासमोर मायकेल उभा राहून टॉमीवर सूड उगवायची शपथ घेतो. निळी शाई, तुम्हाला तो पटत नाही, पण त्या क्षणी त्याच्या बाजूनं विचार करून पाहा. आई टॉमीच्या बेतापायी गेली आणि टॉमी तिथे उभा आहे, जिवंत.

भाग संपताना हेलन मॅक्रॉरीला अर्पण केल्याची पाटी येते. त्यामुळे नेमका निरोप कुणाला दिला जातोय हे मला बघताना वेगळं करता आलं नाही. समोरच्या नटांनाही आलं नसावं.

अजून एक, जरा विषय सोडून. सबटायटलवाल्या मंडळींसाठी. टॉमीची धाकटी मुलगी रुबी तापात जे पुटपुटते त्यात 'बेंग' असा शब्द येतो. रोमानीत बेंग म्हणजे सैतान. टॉमीचा चेहरा तो निरोप ऐकून का उतरतो ते त्या एका शब्दात आहे. बाकी रोमानी भाषा आपल्या घरचीच निघते हे माहीत असेलच. पाण्याला पानी. कानाला कान. माणसाला मानुश, विस्तवाला याग, सुरीला चुरी. आकडे ऐका: येक, दुई, त्रिन, श्तार, पांज. सात-आठ-नऊ मात्र एफ्ता, ओख्तो, एन्या, कारण ते वाटेत ग्रीकांकडून उचलले. आणि दहाला परत देश! एवढ्या शतकांचा, एवढ्या मुलखांचा प्रवास त्या दहा आकड्यांत दिसतो. इंग्रजीतला दोस्तासाठीचा 'पॅल' हा शब्दही रोमानीतून आलाय, मूळ 'फ्राल' म्हणजे भाऊ. आपला भ्राता.

ढ विद्यार्थी

वाचून आलो. खिडकीजवळची, हे 'देश' भारी आहे. म्हणजे शेल्बी मंडळी आपली लांबची चुलत निघाली की!

उगाचच

चुलत नाही, फ्राल.

जुनी वही

खिडकीजवळची यांच्या पोस्टला जोडून: बर्मिंगहॅमला खेटून असलेल्या स्मेथिकमध्ये ब्लॅक पॅच नावाची जागा होती. कारखान्यांच्या राखेचा, मळीचा माळ. तिथे रोमानी कुटुंबांचा तळ होता आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांना तिथून हुसकावलं. चार्ली चॅप्लिनचा जन्म तिथलाच अशी एक आख्यायिकाही आहे.

स्मेथिक म्हटल्यावर मोस्ली आलाच, कारण तो १९२६ पासून तिथला मजूर पक्षाचा खासदार होता. त्याआधी १९२४ ला त्यानं बर्मिंगहॅममधल्या लेडीवुडमधून नेव्हिल चेंबर्लेनविरुद्ध निवडणूक लढवली होती आणि फक्त ७७ मतांनी पडला होता. तो निवडून आला असता तर काय झालं असतं या विषयावर मी दोन रात्री जागू शकतो, पण तुम्हाला जागवत नाही.

मुद्दा असा की पाचव्या सीझनमध्ये मालिकेनं इतिहासाशी बरीच दांडगाई केली होती. १९२९ मध्ये खरा मोस्ली मजूर पक्षाच्या सरकारात मंत्री होता. मे १९३० मध्ये त्यानं राजीनामा दिला, १९३१ ला न्यू पार्टी काढली, ती आपटली, आणि ऑक्टोबर १९३२ मध्ये ब्रिटिश युनियन ऑफ फॅसिस्ट्स उभी केली. मालिकेनं तीन वर्षं आधीच त्याला काळ्या झेंड्याखाली आणून भाषण करायला लावलं. मला ते तेव्हा फार टोचलं होतं. आता सहाव्यात चार वर्षांची उडी मारल्यावर गंमत अशी झालीय की इतिहास धापा टाकत मालिकेला येऊन मिळालाय. १९३३-३४ चा मोस्ली खरंच असा होता: काळा शर्ट, सभा, वर्तमानपत्रांत कौतुक. त्यामुळे सॅम क्लॅफ्लिनचं तेच काम, तोच आवाज, पण यावेळी जास्त धोकादायक वाटतो. खोट्या तारखेचा आधार लागत नाही.

डायना मिटफर्डचंही तसंच. तिनं आणि मोस्लीनं १९३६ मध्ये बर्लिनला गोबेल्सच्या घरी लग्न केलं, पाहुण्यांत हिटलर. हे मालिकेत असतं तर आपण म्हणालो असतो की लेखकानं अती केलं.

पानगळ

डायनाच्या कामाबद्दल +१. अंबर अँडरसन जिथे जिथे येते तिथे खोलीतली ऊब कमी होते. तिला आवाज चढवावाच लागत नाही. माझ्या 'सगळे भविष्यवाणी करतात' या तक्रारीला अपवाद म्हणजे ही. ती भविष्यवाणी करत नाही, सरळ चिमटा काढते.

आणि टॉमीची बायको लिझी. नताशा ओकीफकडे या सीझनमध्ये कुणी लक्ष दिलं की नाही? टॉमीच्या आयुष्यात पॉली नाही म्हणून सगळे हळहळतात, पण घरात जी बाई आहे तिच्याकडे तो बघतसुद्धा नाही. एडाही. सोफी रंडल पहिल्या सीझनमध्ये नुसती बंडखोर बहीण होती, आता कुटुंबाचा कारभार अंगावर पडल्यावर तिचं चालणंच बदललंय. निळी शाई, खुर्ची रिकामी आहे म्हणता, मला तर एडा हळूहळू तिच्या काठावर टेकलेली दिसतेय.

निळी शाई

एडाचं पटलं. मी टॉमीकडेच बघत बसलो. चूक मान्य.

जुनी वही, ते मिकेलॉनचं काय प्रकरण आहे? तिथे खरंच एवढा धंदा होता का? मला ते बेट मालिकेनं कल्पनेतून काढलंय असंच वाटलं होतं.

जुनी वही

खरं बेट आहे. सेंट पिएर आणि मिकेलॉन, न्यूफाउंडलंडच्या दक्षिणेला, आणि आजही फ्रान्सच्या ताब्यात. अमेरिकेत जानेवारी १९२० पासून दारूबंदी लागू झाली. हा फ्रेंच मुलूख, तिथे दारू उतरवून घेणं पूर्ण कायदेशीर. तिथून अमेरिकेच्या किनाऱ्याकडे नेणं तेवढं बेकायदा. मासे पकडणाऱ्या गावाचं बघता बघता गोदाम झालं. खरा धंदा मुख्यतः सेंट पिएरला, मिकेलॉन त्या मानानं निवांत. लाकडी खोकी खडखडतात आणि जागाही खातात, म्हणून बाटल्या खोक्यांतून काढून गोणपाटाच्या पिशव्यांत भरत. मग एवढ्या रिकाम्या खोक्यांचं करायचं काय? लोकांनी जळणाला वापरली, घरांना लावली. एक घर तर व्हिस्कीच्या खोक्यांच्या फळ्यांनीच बांधलं आणि त्याला त्या व्हिस्कीचंच नाव पडलं.

५ डिसेंबर १९३३ ला युटानं मान्यता दिली, ते छत्तिसावं राज्य, आणि एकविसावी घटनादुरुस्ती मंजूर झाली. त्या बेटांवर त्याच्या आनंदाचं काही कारणच नव्हतं. इतकी वर्षं मासेमारी सोडून जे लोक या धंद्यात शिरले त्यांच्या पायाखालची वाळू एका दुपारी सरकली. म्हणून त्या बारमधल्या माणसांचा राग मला अगदी खरा वाटला. बर्फ मात्र स्कॉटलंडचा आहे, ते बंदर पोर्टसॉय नावाच्या गावात उभं केलं होतं.

मालिकेतल्या जॅक नेल्सनबद्दल दोन शब्द. बॉस्टनचा आयरिश, रूझवेल्टच्या वर्तुळातला, दारूबंदी उठणार म्हणून आधीच इंग्लंडात येऊन आयातीची सोय लावणारा. जोसेफ केनेडी, राष्ट्राध्यक्ष केनेडींचे वडील, डोळ्यांसमोर येतातच. ते १९३३ च्या शरद ऋतूत रूझवेल्टच्या मुलाला बरोबर घेऊन इंग्लंडला गेले आणि स्कॉच-जिनच्या एजन्सी पदरात पाडून परतले. नेल्सनचं बाकीचं गुंडपण मात्र मालिकेचं, ते केनेडींच्या खात्यावर टाकू नका.

वाटसरू०७

एवढं वाचून असं वाटतंय की मालिका नको, जुनी वही यांचेच सहा भाग काढावेत. सबटायटलही लागणार नाहीत.

उशिरा आलेली

अहो, शीर्षकात स्पॉयलर लिहिलंय मान्य, पण पॉली गेली हे मला आत्ता, या क्षणी, चहाचा कप हातात असताना कळलं. मी चौथ्या सीझनवर आहे. आता मी तिचा प्रत्येक प्रसंग रडत बघणार.

उगाचच

उशिरा आलेली, सांत्वन म्हणून एक सांगतो: बिली किंबर या टोळीवाल्याला मालिकेनं पहिल्याच सीझनमध्ये गोळी घातली, पण खरा बिली किंबर १९४५ पर्यंत जगला. इथली जन्ममृत्यूची नोंद फार मनावर घेऊ नका.

पानगळ

उशिरा आलेली, मनापासून वाईट वाटलं. पण चौथ्यात पॉली जे काम करते ते आता तुम्ही जास्त नीट बघाल. मी परत पाहिलं तेव्हा एक लक्षात आलं: इतर सगळे टॉमीशी बोलताना त्याच्या डोळ्यांत बघतात, म्हणजे घाबरून. ही बोलताना सिगरेट पेटवत असते, हातमोजे काढत असते, दुसरीकडेच बघत असते. ज्याला घाबरायचं नसतं त्याच्याकडे टक लावून बघावं लागत नाही.

निळी शाई

पहिला भाग परत पाहिला. जुनी वही, जिंजर बिअर डोक्यात ठेवून. प्रसंग पूर्ण पालटतो. पहिल्यांदा मी टॉमी कधी उसळतो याची वाट बघत होतो. आता त्या ग्लासाकडेच लक्ष होतं. आणि पानगळ, मधली काही स्लो मोशन दृश्यं मोजली. आकडा सांगत नाही, तुमचीच बाजू भक्कम होईल.

तिसरा भाग आज रात्री.

ढ विद्यार्थी

एक शंका. टॉमीनं त्या बारमध्ये आपल्या आजीच्या भाषेत 'पानी' मागितलं असतं, तर कुणाला काही कळलंच नसतं आणि मारामारी टळली असती ना?

खिडकीजवळची

टळली नसती. जिंजर बिअर तर त्या माणसानं चांगल्या इंग्रजीत मागवली होती.